जॅकखालची जमीन : परळच्या गल्लीत भिंतीवर अडकलेला जनरेटर

जुलैची सकाळ, परळमधली एक अरुंद गल्ली. सोसायटीच्या कंपाउंड भिंतीपलीकडे नवा जनरेटर उतरवायचा होता. ट्रकवर बसवलेल्या नकल बूम क्रेननं (जिच्या हाताला, म्हणजे बूमला, मध्ये कोपरासारखा सांधा असतो) तो ट्रकच्या फाळक्यातून, म्हणजे हौद्यातून, उचलला, डावीकडे फिरवला, भिंतीवर आणला. मालाचा तळ भिंतीपासून दोन फूट वर असताना फुटपाथवरचा पुढचा डावा जॅक, म्हणजे गाडीला आधार द्यायला बाजूला काढून टेकवलेला पाय, खचायला लागला. ऑपरेटरनं माल झटकन खाली घ्यायला म्हणून बूम उतरवला, तशी गाडी आणखी कलली. बेस फ्रेमचा कोपरा भिंतीच्या माथ्यावर आदळला, चार विटा निखळल्या आणि जनरेटर तिथंच टेकून राहिला. डावा जॅक १८ सेंटिमीटर खाली गेला होता, उजवा रस्त्यापासून वीतभर वर. आतल्या बाजूला हातानं माल वळवणारा खलाशी वेळेवर मागे उडी मारून सुटला. इजा कोणालाच झाली नाही.

प्रकरण प्रशिक्षणवर्गासाठी बेतलेलं आहे. गाडीचे आणि मालाचे आकडे १० टन-मीटरच्या (वजन गुणिले अंतर) आसपासच्या क्रेनला साजतील असे धरलेत. त्यातल्या चुका मात्र मुंबईतल्या अशा ट्रकवरच्या लोडर क्रेनच्या कुठल्याही अड्ड्यावर ओळखीच्या निघतील. एकूण चार चुका आहेत आणि त्यांतल्या तीन लिव्हरला हात लागायच्या आधीच झाल्या होत्या. आपल्याकडचं बहुतेक शिकवणं मात्र लिव्हरपासून सुरू होतं आणि लिव्हरवरच संपतं.

गाडी, माल, जागा

दोन एक्सलचा ट्रक, केबिनमागे क्रेन. अड्ड्यावर अशा सगळ्या क्रेनना सरसकट ‘हिआब’ म्हणतात, मेक कुठलाही असो. चारही जॅक पूर्ण बाहेर काढले असतील तेव्हाचा लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा तक्ता) कॉलमवरच्या, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबावरच्या, पाटीवर असा होता: ३.० मीटरला ३,२०० किलो, ४.५ मीटरला २,१५०, ६.२ मीटरला १,५००, ८.० मीटरला १,१२० आणि ९.८ मीटरला ८९० किलो. पुढचे जॅक पूर्ण काढले की ट्रकच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी २.२ मीटर, अर्धे काढले तर १.४.

माल म्हणजे कॅनोपीवाला (पेटीबंद) जनरेटर, उंची १.६ मीटर. कंपनीच्या कागदावर वजन १,१८० किलो. कंपाउंडची भिंत १.८ मीटर उंच. गल्लीतून एक गाडी जेमतेम निघेल एवढीच जागा, म्हणून ट्रक फुटपाथला लागून उभा केला. डावा जॅक फुटपाथवर पूर्ण बाहेर, उजवा रस्त्यावर अर्धा. शाळेच्या बसच्या वेळेआधी काम उरकायचं होतं, त्यामुळे सगळ्यांचं एक लक्ष घड्याळाकडे.

क्रेनचं वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र चालू होतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचलण्याच्या यंत्राची सक्षम व्यक्तीकडून निदान १२ महिन्यांतून एकदा पूर्ण तपासणी व्हावी लागे, सुरक्षित भार यंत्रावर ठळक लिहावा लागे आणि त्यापुढे भार घालायला मनाई होती. इथे हे सगळं होतं. तेलाचे होझ सुके, हुकाची लॅच शाबूत, माल बांधायचे पट्टे नवे. प्रमाणपत्रानं सांगितलं ते एवढंच, की तपासणीच्या दिवशी यंत्र ठीक होतं. त्या सकाळी कोणत्या फरशीवर जॅक टेकला, हे त्यात कुठून येणार?

पहिला संशय चुकीच्या पायावर

अशा घटनेनंतर साइटवर पहिलं बोट उजव्या, अर्ध्या काढलेल्या जॅककडे जातं. इथेही तेच झालं. फोटोत तोच हवेत दिसतो ना! सुपरवायझरच्या अहवालात पहिली ओळ होती: ‘उजवा जॅक पूर्ण न काढल्याने गाडी कलंडली.’

ही ओळ अर्धवट खरी आहे, म्हणूनच जास्त धोक्याची. माल डावीकडे असताना गाडी डाव्या जॅकच्या टेकूवर उलटायला बघते. उलटू न देणारं असतं ते टेकूच्या अलीकडचं ट्रकचं आणि क्रेनचं स्वतःचं वजन. उजवा जॅक अशा वेळी जवळपास मोकळाच होत जातो. तो १.४ मीटरवर होता की २.२ मीटरवर, यानं डावीकडचा तोल फारसा बदलत नाही. एक गोष्ट मात्र नक्की बिघडली. दोन जॅकमधलं अंतर ४.४ ऐवजी ३.६ मीटर झालं, त्यामुळे डावा जॅक तेवढाच खचला तरी गाडी जास्त कोनात झुकली.

मग अर्धा जॅक चालेल का? मुळीच नाही. पाटीवरचा चार्ट चारही जॅक पूर्ण बाहेर असतानाचा आहे. एक जरी आत राहिला, तर तो चार्ट त्या गाडीला लागू नाही. काही नव्या क्रेनवर जॅकच्या बीमला सेन्सर असतात आणि जॅक किती बाहेर आहे त्यानुसार क्षमता आपोआप घटते. या गाडीवर ते नव्हते. पण ‘नियम मोडला’ आणि ‘त्यामुळे हे घडलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात त्या वेगळ्या केल्या नाहीत तर ऑपरेटर एवढाच बोध घेऊन जातो, की उजवा जॅक काढला असता तर काही झालं नसतं. पुढच्या वेळी तो दोन्ही जॅक पूर्ण काढतो आणि डावा पुन्हा त्याच फरशीवर टेकवतो.

फरशीखाली काय होतं

जॅकच्या पायाची तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. एका जॅकवर जास्तीत जास्त किती भार येतो ते क्रेनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. इथे ५,५०० किलो धरू. नुसती तबकडी टेकवली तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलो दाब. या लोकांनी खाली ३० बाय ३० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा घातला होता, म्हणजे सहा किलो. ६० बाय ६० चा पॅड असता तर दीड. एक मीटर बाय एक मीटरची भक्कम मॅट असती तर अर्ध्या किलोच्या थोडं वर.

भराव टाकून बुजवलेली ओली माती दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते एक किलो पेलली तरी खूप म्हणायचं. म्हणजे ठोकळ्यानं दाब जमिनीच्या ताकदीच्या कितीतरी पट राहिला आणि ६० चा पॅडही पुरला नसता. ‘लाकूड टाकलंय ना’ हे उत्तर साइटवर रोज ऐकू येतं. केवढं लाकूड, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. ठोकळा जाड असून भागत नाही, पसरट हवा, आणि पसरट असला तरी वाकणारा नको. पातळ प्लायवुडची मोठी शीट तबकडीखाली वाकते आणि भार मधल्या टिचभर भागावरच जातो.

आता ती जागा जवळून पाहू. फुटपाथ पेव्हर ब्लॉकचा. ठोकळा पडला तिथल्या साधारण दोन फूट रुंदीच्या पट्ट्यातले ब्लॉक बाकीच्यांपेक्षा लालसर, कडा न झिजलेल्या. पट्टा किंचित खोलगट आणि रात्रीच्या पावसाचं पाणी नेमकं तेवढ्याच पट्ट्यात साचलेलं. पट्टा सरळ जाऊन ७० सेंटिमीटरवरच्या लोखंडी झाकणाला भिडत होता. त्या झाकणाखाली सव्वा मीटर खोल चेंबर.

एवढ्यावरून मुंबईकर ऑपरेटरनं ओळखायला हवं. हा केबलसाठी खोदलेला चर आहे, नुकताच बुजवलाय आणि धड ठोकून बसवलेला नाही. शहर भागात बेस्टची वीज जमिनीखालून येते. त्यामुळे डोक्यावर तार नाही म्हणून आपण निवांत असतो, आणि ती केबल असते पायाखाली. जोडीला पाण्याच्या लाइन, फायबर, आणि जुन्या शहरातली शंभर वर्षांहून जुनी विटांच्या कमानीची पर्जन्यवाहिन्यांची जाळी. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर नुसते मांडलेले असतात. खालची माती वाहून पोकळी झाली तरी वरून फुटपाथ सपाट दिसतो. माणसं चालतात, हातगाडी जाते, काही होत नाही. साडेपाच टन आल्यावर होतं.

चेंबर, चर, तळघर यांच्या कडेपासून जॅक किती लांब ठेवायचा याचा साधा हिशेब असा: जमीन घट्ट असेल तर खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर, भरावाची असेल तर दुप्पट. इथे अडीच मीटर हवं होतं, होतं ०.७.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला लागते एक पहार. ब्लॉकच्या सांध्यात पहार आपटायची. भरीव जमीन ठण्ण आवाज देते आणि हाताला झटका बसतो. पोकळ जागी आवाज बद्द येतो किंवा पहार हाताच्या जोरानंच आत जाते. आत जाते म्हणून उत्साहानं खुपसत मात्र राहायचं नाही, खाली केबल असू शकते. वाळूचा थर ओलांडून पहार सहज उतरली की ती जागा बाद, विषय संपला.

टेप कुठून लावला

सुपरवायझरनं अंतर मोजलं होतं, तेही टेपनं. ट्रकच्या फाळक्याच्या बाहेरच्या कडेपासून माल ठेवायच्या जागेपर्यंत ५.३५ मीटर भरलं. चार्टमध्ये ६.२ मीटरला १,५०० किलो, माल १,१८० चा, म्हणजे भरपूर जागा आहे असं त्यानं धरलं.

चार्टमधलं अंतर क्रेनच्या कॉलमच्या मध्यापासून हुकाच्या मध्यापर्यंतचं असतं. ट्रक अडीच मीटर रुंद, म्हणजे फाळक्यापासून मध्य १.२५ मीटर आत. खरा रेडियस ६.६ मीटर. आता चार्टमधला कुठला आकडा घ्यायचा? ६.२ चा नाही, त्याच्या पुढचा, म्हणजे ८.० मीटरचा. १,१२० किलो. दोन आकड्यांच्या मधलं अंदाजानं काढणं हे साइटवरच्या माणसाचं काम नाही. उत्पादकाचा सविस्तर तक्ता हातात असेल तर गोष्ट वेगळी.

वजनाचंही तसंच. कागदावरचे १,१८० किलो हे कोरडं वजन होतं. हा जनरेटर डिझेल भरूनच पाठवला होता. १२० लिटर डिझेल म्हणजे १०० किलो. इंजिन ऑइल आणि कूलंट मिळून २५. पट्टे, चार डी-शॅकल (जोडकड्या) आणि कॅनोपी दबू नये म्हणून लावलेला स्प्रेडर (पट्टे फाकवून धरणारा आडवा दांडा) मिळून ६५. बेरीज १,३७०. हुकाखाली जे जे लटकतं ते सगळं मालच, हे ऑपरेटरला तोंडपाठ असतं. स्प्रेडरचं वजन विचारलं की मात्र चेहरा कोरा होतो.

थोडक्यात, चार्टनं १,१२० ला परवानगी दिली होती आणि हुकाला १,३७० होते. काम तिथंच थांबायला हवं होतं. यंत्रानं ते उचललं, कारण ६.६ मीटरला त्याची खरी क्षमता १,४०० च्या थोडी वर होती. म्हणजे वापर सुमारे ९७ टक्के. ओव्हरलोडचा बझर अशा क्रेनवर साधारण ९० टक्क्यांना वाजायला लागतो, तसा तो वाजतही होता. ‘तो नेहमीच वाजतो,’ ऑपरेटर म्हणाला. खरं बोलला. नेहमी वाजतो, कारण नेहमी असंच काम चालतं.

इथे लिमिटरबद्दल थोडं सांगायला हवं. आतला बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधला तेलाचा दाब मोजून हे उपकरण भाराचा अंदाज बांधतं. क्षमता संपली की रेडियस वाढवणाऱ्या हालचाली बंद करतं, कमी करणाऱ्या चालू ठेवतं. बूम वाकू नये, क्रेन मोडू नये यासाठी ते उत्तम आहे. फरशीखाली पोकळी आहे, हे त्याला कळायचा मार्ग नाही. भरवशाचा लिमिटर असलेल्या गाडीवर ऑपरेटर जमिनीकडे बघायचंच सोडतो, हा आमच्या मते लिमिटरचा सगळ्यात वाईट दुष्परिणाम.

ते वीस सेकंद

ऑपरेटर उजव्या बाजूच्या लिव्हरवर उभा होता. निवड चांगली होती. डावीकडे उभा राहिला असता तर माल आणि गाडी यांच्या मधोमध सापडला असता. पण उजवीकडून भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. आत एक खलाशी, भिंतीजवळ दुसरा, गेटवर सोसायटीचा वॉचमन, आणि तिघेही इशारे देत होते.

माल भिंतीवर आला तेव्हा बूमची रचना अशी होती: तीन मीटरचा आतला बूम आडव्यापासून ६० अंश वर, आणि एक्स्टेन्शन (आतबाहेर सरकणारा भाग) धरून ५.१ मीटरचा बाहेरचा बूम जवळपास आडवा, ५ अंश वर. बूमचं टोक जमिनीपासून साधारण साडेपाच मीटरवर.

जॅक पहिल्यांदा खचला तो ८ सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३.६ मीटरच्या टेकूवर ८ सेंटिमीटर म्हणजे सव्वा अंश, आणि तेवढ्यानं टोक १८ सेंटिमीटर खाली आणि १२ सेंटिमीटर बाहेर गेलं. म्हणजे कोणी लिव्हर न हलवता रेडियस वाढला. वाढलेल्या रेडियसनं जॅकवरचा भार वाढवला, भारानं जॅक आणखी दाबला. हे चक्र आपणहून थांबत नाही.

आतला खलाशी ओरडला, ‘आरिया! उस्ताद, आरिया!’ गोदीतून आलेला शब्द, खाली घे. भिंतीजवळचा त्याच दमात ‘हाबेस!’ म्हणत होता, वर घे. त्याला माल भिंतीला लागताना दिसत होता. दोघंही आपापल्या जागेवरून बरोबर होते. ऑपरेटरनं पहिला आवाज धरला आणि आतल्या बूमचा लिव्हर खाली ओढला.

नकल बूमचं खरं शिक्षण इथे सुरू होतं. ‘खाली’ जायला या क्रेनला दोन सांधे आहेत, आणि दोन्ही एकसारखे वागत नाहीत. आतला बूम १० अंश उतरवला तर त्याच्याबरोबर बाहेरचाही झुकतो. टोक ११९ सेंटिमीटर खाली येतं, पण रेडियस ६.५८ वरून ७.०१ मीटर होतो. ४३ सेंटिमीटर बाहेर! त्याऐवजी बाहेरचा बूम तेवढेच १० अंश मिटला असता, तर टोक ८९ सेंटिमीटर खाली आलं असतं आणि रेडियस होता तेवढाच राहिला असता. आणखी १० अंश मिटला की तो उलट १५ सेंटिमीटर कमी होतो. आणि नुसतं एक्स्टेन्शन एक मीटर आत ओढलं तर रेडियस जवळजवळ मीटरभर घटतो.

सूत्र नको असेल तर खूण लक्षात ठेवावी. आडव्यापेक्षा वर असलेला बूम खाली येताना माल दूर नेतो. आडव्याखाली गेलेला बूम आणखी खाली येताना माल जवळ आणतो. बाहेरचा बूम आकाशाकडे रोखलेला असेल तर तोही आडवा होईपर्यंत रेडियस वाढवणारच, म्हणजे ‘बाहेरचा मिटा’ हाही आंधळेपणानं पाळायचा मंत्र नाही. बूमचा कोन डोळ्यानं बघूनच ठरवायचं.

ऑपरेटरनं आतला बूम चारेक अंश उतरवला. तेवढ्यात रेडियस ६.९ मीटरच्या आसपास गेला, क्षमता १,३७० च्या खाली आली आणि लिमिटरनं बूम जागीच थांबवला. त्याच क्षणी फ्रेमचा कोपरा भिंतीला टेकला. जॅक १८ सेंटिमीटरवर थांबला. जमीन घट्ट लागली म्हणून नव्हे, काही भार भिंतीनं घेतला म्हणून.

बरोबर हालचाल कोणती होती? पहिला झोल जाणवताच लिव्हर सोडून एक श्वास थांबायचं. मग एक्स्टेन्शन संथपणे आत. माल भिंतीवरून मागे, फुटपाथवर येतो, आणि जॅकवरचा भार सेंटिमीटरगणिक कमी होतो. पण फुटपाथवर तेव्हा दूधवाला सायकल घेऊन उभा होता, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं. जागा दोरी बांधून मोकळी ठेवली नव्हती, म्हणजे माल मागे घ्यायची वाट आपणच बुजवून ठेवली होती. लिव्हरचं योग्य उत्तर ठाऊक असतं तरी त्याला ते देता आलं नसतं.

सोडवणूक

पुढचं काम नीट झालं. सगळ्यांना मालाच्या आणि बूमच्या आवाक्याबाहेर काढलं. ‘जॅक वर पंप करून गाडी सरळ करू’ अशी सूचना आली, ती फेटाळली. खचलेल्या जागी जोर दिला तर तबकडी आणखी घुसते. लिमिटरचं सील तोडायचा विषयही कोणी काढला नाही. दुसरी मोठी क्रेन रस्त्याच्या डांबरावर, मोठ्या मॅटवर उभी केली. तिनं स्वतंत्र पट्ट्यांनी माल धरला आणि भार थोडा थोडा करून स्वतःकडे घेतला. यात घाई केली असती तर कललेली गाडी भार सुटताच उजवीकडे उसळली असती. तो अर्धाच काढलेला उजवा जॅक खरा धोक्याचा ठरला असता तो याच वेळी.

प्रशिक्षणात काय बदललं

आधीचा अभ्यासक्रम अर्ध्या दिवसाचा होता: पीटीओ (ट्रकच्या इंजिनाची ताकद क्रेनला देणारी जोडणी) लावणं, जॅक काढणं, सहा लिव्हरची ओळख, हाताचे इशारे, ग्रीसिंग. जड वाहनाचा परवाना असलेल्या ड्रायव्हरला एवढ्यावर ऑपरेटर म्हणायचे. ट्रक चालवायचं लायसन्स हे क्रेन चालवता येण्याचं प्रमाण नव्हे. ब्रिटनमध्ये ट्रकवरच्या क्रेनच्या ऑपरेटरला आल्मी या संघटनेचं कार्ड मिळतं, तेही पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावं लागतं.

नवा वर्ग दोन दिवसांचा केला आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत क्रेन चालूच करायची नाही असं ठरवलं. सकाळ फुटपाथवर जाते. प्रत्येकानं पहार घेऊन पाच जागा तपासायच्या आणि कुठे जॅक टेकवणार नाही ते कारणासह सांगायचं. मग ओल्या रेतीनं भरलेलं घमेलं: बोटभर जाडीची सळई उभी दाबली की सहज घुसते, तीच फळीवरून दाबली की फळी हलत नाही. घमेल्याचा हा खेळ पोरकट वाटतो, पण दाबाच्या गणितापेक्षा तोच जास्त लक्षात राहतो.

टेपचा सराव वेगळा. कॉलमचा मध्य फाळक्यावर रंगाच्या रेघेनं कायमचा दाखवला आणि शेजारी लिहिलं: ‘इथून मोजा, वर १.२५ मिळवा’. वजनाच्या पर्चीत चार रकाने केले: कागदावरचं वजन, तेल-पाणी-डिझेल, पट्टे-शॅकल, स्प्रेडर. पट्ट्याची ताकद रंगावरून ओळखायची: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. ही ताकद सरळ उभ्या उचलीची, हेही त्यातच. दोन पायांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर मालाच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो.

दुसऱ्या दिवशी लिव्हर. हुकाला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली, मध्ये बांबूची आडवी काठी भिंत म्हणून. बादली पलीकडे न्यायची, आणि प्रशिक्षकानं शिट्टी मारली की रेडियस न वाढवता खाली आणायची. शिट्टी कधी वाजेल ते आधी सांगायचं नाही. पहिल्या फेरीत बहुतेकांचा हात आतल्या बूमच्या लिव्हरवर जातो. पाणी सांडतं ते सगळ्यांना दिसतं, ओरडायची गरज पडत नाही.

चाचणी उचलीबद्दलचा जुना समज मोडावा लागला. ‘माल फाळक्यात १० सेंटिमीटर उचलून बघितला होता,’ हे इथेही खरं होतं. पण माल ट्रकवर असताना बाजूच्या जॅकवर भार सगळ्यात कमी असतो. ती चाचणी पट्ट्यांची झाली, जमिनीची नाही. आता माल बाजूला फिरवून, रेडियस लहान ठेवून, जमिनीलगत धरून तीन मिनिटं थांबायचं. त्याआधी जॅकच्या पायावर आणि शेजारच्या कर्बच्या दगडावर एकाच उंचीला खडूची रेघ मारायची. रेघा बोटभर जरी सरकल्या तरी माल परत फाळक्यात. रेघेपाशी एक माणूस शेवटपर्यंत बसून राहतो. त्याला दुसरं काम द्यायचं नाही, चहा आणायलाही पाठवायचं नाही.

इशारे एकाच माणसाचे, त्यानं फ्लोरोसंट जॅकेट घालायचं. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो, वॉचमनसुद्धा. माल हातानं वळवायचा नाही, दोन टोकांना दोरी.

वर्गात विचारतात त्यातला एक प्रश्न रेल्वेचा. परळला लागूनच लाइन आहे, तिथली ओव्हरहेड वायर २५,००० व्होल्टची. चालू वायरपासून दोन मीटरच्या आत काहीही जाता कामा नये, आणि बूम झुलतो, माल हेलकावतो, म्हणून क्रेनसाठी अंतर त्याहून बरंच जास्त धरायचं. रेल्वेच्या हद्दीलगतचं काम त्यांच्या लेखी परवानगीशिवाय हाती घ्यायचं नाही.

तोच जनरेटर, पुन्हा

वर्गाच्या शेवटी हेच काम नव्यानं आखायला देतात. बहुतेक जण आधी म्हणतात, गाडी गेटमधून आत घ्या, रेडियस चार मीटरवर येईल. गेट २.९ मीटर, ट्रक २.५, जाते. मग कोणीतरी अंगणातली दोन चौकोनी झाकणं दाखवतं: खाली सोसायटीची पाण्याची टाकी आहे. टाकीच्या स्लॅबवर साडेपाच टनांचा जॅक टेकवायला स्ट्रक्चरल इंजिनियरची सही लागेल. दुसरी सूचना: डावा जॅक फुटपाथवर नकोच, रस्त्याच्या डांबरावर घ्या. मग ट्रक दीड मीटर बाहेर सरकतो, रेडियस ८.१ मीटर, चार्टमध्ये पुढचा आकडा ८९० किलोचा. डिझेल काढून टाकलं तरी हुकाला १,२७० उरतात.

उरलेलं उत्तर असं: २० टन-मीटरच्या वरची क्रेन, तिचा स्वतःचा चार्ट बघून, चारही जॅक पूर्ण बाहेर, जॅकखाली मीटर-बाय-मीटरच्या मॅट, डिझेल रिकामं, फुटपाथ दोन्ही टोकांना दोरीनं बंद, आणि वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन गल्ली रविवारी सकाळी दोन तास बंद. भाडं जास्त पडतं. पर्चीवर त्यासमोर भिंतीच्या दुरुस्तीचा, दुसऱ्या क्रेनचा आणि फुकट गेलेल्या दिवसाचा खर्च मांडायचा रकाना ठेवलेला आहे. तो भरायचा सोसायटीच्या सेक्रेटरीनं, ऑपरेटरनं नाही.